सतरावी गल्ली

१

पेटीतून एकशे बारा डिस्क निघायला हव्या होत्या. निघाल्या एकशे अकरा.

पारनेरच्या माळावरच्या त्या डेटा सेंटरातून मेलेली डिस्क कधी बाहेर जात नाही. लोकांचे फोटो, पत्रं, दवाखान्याचे कागद, कुणाकुणाचं काय काय तिच्या पोटात साठलेलं असतं. म्हणून ती यंत्रातून उपसली की लोखंडी पेटीच्या फटीतून आत टाकायची, आणि महिन्यातून एकदा गाडी आली की सगळ्यांदेखत तिचा चुरा करायचा. तिथल्या माणसांनी त्या गाडीला ‘दळणाची गाडी’ असं नाव ठेवलंय. चौदा ऑक्टोबरला गाडी आली, पेटी उघडली, एकेक डिस्क मोजून चक्कीत गेली, आणि यादीवर एक नंबर तसाच उरला.

त्या नंबरासमोर सही होती चांगुणा औटीची.

सतरा तारखेला, वसुबारसेच्या सकाळी, सत्यशीला बोरुडे पुण्याहून आली. कंपनीतलं काही हरवलं, बिघडलं की तिला पाठवतात. पन्नाशीची बाई, खांद्याला पिशवी, आणि पायाला जणू भिंगरी. समोरचा खुर्ची पुढे करायचा आणि ही खिडकीपाशी पोचलेली असायची.

“बसा ना,” केंद्राचे प्रमुख शामकांत उपासनी म्हणाले. डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली नुकतेच फुटलेले खुंट. दोनच दिवसांपूर्वी ते आईचे दिवस उरकून कामावर आले होते. केडगावच्या फ्लॅटमध्ये मायलेक दोघंच राहायची.

“बसले की मला सुचत नाही,” सत्यशीला म्हणाली. “आईंचं कळलं. वाईट झालं.”

त्यांनी मान हलवली आणि एक कागद टेबलावर सरकवला. “तक्रार तयार आहे. संध्याकाळी सहापर्यंत डिस्क मिळाली नाही, तर हा कागद पोलिसांकडे जाणार. वरून तसा आदेश आहे.”

कागदावर नाव एकच होतं. चांगुणाला कायम करण्याचं पत्रही त्याच टेबलावर, त्याच फाइलीत, सहीवाचून पडलेलं सत्यशीलेला दिसलं. सहा वाजता त्या दोन कागदांतला एक फाटणार होता.

“सर, सही तुम्ही करणार?”

“मलाच करावी लागेल,” ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण उगाच काढून परत लावलं.

२

हॉलचं दार उघडलं तसा घुमारा अंगावर आला. दोन एकरांचं छप्पर, त्याखाली कपाटांच्या चोवीस रांगा. त्यांना सगळे ‘गल्ल्या’च म्हणतात. छत्तीस हजार डिस्क. पुढून थंड वारा आत ओढायचा, मागून ऊन वारा सोडायचा. एवढाच त्या घराचा श्वास, पण तो क्षणभर थांबलेला चालत नाही. वीज गेली तर जनरेटर, जनरेटर रुसला तर बॅटऱ्या, आणि या सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून बसलेली माणसं. एवढ्या मोठ्या घरात रोज कुणी ना कुणी आजारी असायचंच. दिवसाला तीन-चार डिस्क मरतात. कपाटावरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला की चांगुणा ट्रॉली घेऊन निघते, मेलेली काढते, नवी बसवते.

ती दाराशीच उभी होती. वय सव्वीस. आयटीआय केलेली, याच माळाच्या कडेच्या गावची.

“मॅडम, मी न्हाई घेतली.”

“घेतली असं कोण म्हणतंय? चल, चालत बोलू. त्या दिवशी काय झालं ते सांग.”

“खंडेनवमी हुती. सकाळची मी डिस्क काढली. पेटीपाशी आले, वहीत लिव्हलं, सही केली. तेवढ्यात गहिनीनाथ मामांनी हाक मारली, नारळ फोडायला चला म्हनून.”

“नारळ? इथे?”

“आत न्हाई. आत कुंकवाचा कनबी चालत न्हाई. सरांनी लेखी काढलंय, धुळीनं यंत्रं मरत्यात म्हनून. आमी लई इनवलं हुतं. हत्याराची पूजा न्हाई म्हंजी कसं वाटतं सांगा. तर सर म्हनले, फाटकाबाहेर जनरेटरच्या गाडीची करा. मंग सगळी पळालो.”

“आणि डिस्क?”

चांगुणाची पावलं थांबली. “ट्रॉलीवर.”

“म्हणजे पेटीत टाकायच्या आधीच सही केलीस.”

“व्हय. धा मिन्टांनी आले तर ट्रॉली रिकामी. वाटलं, कुनीतरी टाकली आसंल. वहीत तर लिव्हलेलंच हुतं. ही चूक माझी हाय, मॅडम. पन चोरी न्हाई.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“कोनावर ढकलल्यासारकं झालं आसतं. आन् मी घरी काय सांगू? आमच्या गावातली पैली पोरगी मी, या फाटकातनं आत येनारी. माझ्यामागं चार जनी अर्ज भरून बसल्यात. मी चोर ठरले तर त्यांचे अर्ज कोन वाचनार?”

शेजारच्या गल्लीत कुणीतरी गुणगुणत होतं. पंख्यांच्या आवाजात सूर बुडत होता, वर येत होता.

*थंड वाऱ्याचं हे घर, याला नीज न्हाई ठावी*
*छत्तीस हजार तान्ही, कुना कुनाला जोजवावी*

“कोण गं?”

“साळूबाई मावशी. पुसत्यात. त्यांना गाता गाता जुळतं तसं.”

सत्यशीला दोन पावलं पुढे गेली, आणि मागून आणखी एक तुकडा तिच्या कानावर पडला, ‘अंधाराचा देव्हारा’ असं काहीतरी. ती जरा रेंगाळली. पण घड्याळात साडेअकरा वाजले होते.

३

“दहा मिनिटं ट्रॉली एकटी होती,” सत्यशीला म्हणाली. “त्या दहा मिनिटांत तू कुठे होतास?”

पाळीचा प्रमुख वरद क्षीरसागर चहाचा कप हातात घेऊन हसला. पाथर्डीचा मुलगा, बोलणं पुणेरी. “नारळासमोर. मीच फोडला. तिसऱ्या फटक्याला फुटला म्हणून अजून मला चिडवतात. हवं तर फोटो आहे.”

फोटोत सगळेच होते. चांगुणा, साळूबाई, कँटीनची माणसं, नारळ उगारलेला वरद. सत्यशीलेनं माणसं मोजली, मग पुन्हा मोजली.

“धूळ मोजणारं यंत्र आहे ना आत? त्या दिवशीचा आकडा काय?”

“स्वच्छ. पण गंमत बघा.” वरदनं पडदा तिच्याकडे वळवला. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तीन तारखेला, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आकडा एकदम उडालाय. पंधराव्या ते विसाव्या गल्लीच्या पट्ट्यात. नंतर बसला खाली. मी तेव्हा घरच्यांबरोबर भंडारदऱ्याला होतो. परत आल्यावर पाहिलं आणि फिल्टर बदलून टाकला.”

“म्हणजे डिस्क गेली एक तारखेला आणि धूळ आली तीन तारखेला.”

“दोन्हींचा काय संबंध?”

“तेच तर बोचतंय,” ती म्हणाली आणि चहा तसाच टाकून फाटकाकडे निघाली.

फाटकावर धातू ओळखणारी कमान, आणि कमानीशेजारी गहिनीनाथ. फौजेतून आलेले, मिशा अजून फौजेतच राहिलेल्या.

“मामा, या कमानीखालून डिस्क जाईल का?”

“बांगडी जात न्हाई, मॅडम. परवा एकाच्या चपलेतला खिळा वाजला, तर चप्पल काढाय लावली. चांगुनाचा डबा पलास्टिकचा. वरद सायेब कॅन्टीनला जेवत्यात, हात हलवत येत्यात, हात हलवत जात्यात.”

“वाजतच नाही म्हणा कधी.”

“वाजतं की. रोज वाजतं.” गहिनीनाथ हसले. “सकाळी येकदा, सांच्याला येकदा. मोठ्या सायबांचा डबा, चार पुडांचा इस्टीलचा. आईच्या हातचं जेवान. आता त्याला काय उघडून बगायचं? कमान वराडली की मी हात वर करतो, सायेब मान हलवत्यात. घड्याळासारकं झालंय ते.”

सत्यशीला इथे मात्र अगदी स्थिर उभी राहिली. “खंडेनवमीच्या नारळाला साहेब नव्हते, मामा. फोटोत दिसत नाहीत.”

“न्हवते. कोनीतरी आत पाह्यजे म्हनले. मी खोबऱ्याचा तुकडा नेऊन दिला, तर त्यांच्या डोळ्यांत पानी. मी म्हनलं, सायेब, धूर गेला का डोळ्यांत? तर म्हनले, व्हय.” मामांनी मिशीवरून हात फिरवला. “आता इचार करतो, तर आमी धूर केलाच न्हवता.”

४

तरीही सगळं हवेतच होतं. ज्याच्या हाताखाली ही सगळी यंत्रं, तो एक मेलेली डिस्क डब्यातून कशाला नेईल? विकणाऱ्या माणसानं चांगली जिवंत नेली असती. आणि नेली, तर ती आहे कुठे? सत्यशीला गल्ल्यांतून चालत राहिली, पहिलीपासून चोविसावीपर्यंत आणि परत. दुपारचे तीन वाजले. हिरवे दिवे तिच्या दोन्ही बाजूंनी लुकलुकत होते आणि प्रत्येक दिवा ‘ती हरवलेली मी नव्हे’ असं सांगत होता.

कोपऱ्यावर साळूबाई पांढऱ्या फडक्यांची चवड लावत होत्या. बारीक चणीच्या, साठीच्या. प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यावर नंबर.

“मावशी, हे नंबर कसले?”

“गल्लीचं. येका गल्लीला येक फडकं, येका दिसाला येक. पुसलं की पिसवीत घालायचं, वर तारीख टाकायची. तीन आटवडं ठिवायची, मंग जाळायला. वरनं मान्सं येऊन बगत्यात, कंच्या गल्लीत किती धूळ पडती.”

सत्यशीलेनं वरचं फडकं उचलून नंबर पाहिला. “तीन तारखेची पिशवी आहे?”

साळूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “हाय.”

तेवीस फडकी कोरी पांढरी. सतराव्या गल्लीच्या फडक्यावर पिवळट करडा ओघळ. सत्यशीलेनं ते नाकापाशी नेलं. चंदन. आणि शिवणीत अडकलेला तांदळाचा एक दाणा, कुंकवानं लाल झालेला.

“अक्षता,” ती म्हणाली.

“मी सांगनार न्हवते,” साळूबाई पुटपुटल्या. “बंद कपाटाच्या फळीवर चार दानं हुतं. वाटलं, कोनीतरी चोरून देव बसवलाय. देवाची चाडी कशी खायाची? गानं तेवडं केलं.”

“ते गाणं म्हणा बरं. सगळं.”

साळूबाईंनी पदर सावरला, आणि एवढ्या यंत्रांमध्ये एकट्या बाईचा आवाज लागला.

*सतराव्या गल्लीत गं अंधाराचा देव्हारा*
*न्हाई वात न्हाई समई, देव बसला बिचारा*

“बंद कपाट का आहे तिथे?”

“वीज नेनारी पट्टी जळलीया. नवी यायची हाय. म्हैना झाला, दोन कपाटं आंधारात.”

अंधारात. म्हणजे तिथल्या डिस्कवर दिवा नाही, आणि तिथली डिस्क कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. छत्तीस हजारांच्या घरात हरवायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. आणि ठेवायलाही.

५

साडेचारला सत्यशीलेनं सगळ्यांना सतराव्या गल्लीत बोलावलं. खुर्च्या नव्हत्याच. शामकांत सगळ्यात शेवटी आले, तक्रारीचा कागद हातात घेऊन.

“तांदळाचा दाणा,” ती म्हणाली, “या हॉलात उगवत नाही. तो कुणाच्या तरी घरून आला. म्हणजे डिस्क घरी गेली, तिची पूजा झाली, आणि ती परत आली. चोर वस्तू परत आणत नाही. म्हणून मी चोर शोधायचा सोडून दिला.”

वरदनं चांगुणाकडे पाहिलं. “पूजेसाठी मागे हीच लागली होती.”

“चांगुणा, तुमच्यात हत्याराला काय वाहतात?”

“भंडारा. आमचा खंडोबा. हळदीबिगर दुसरं काय लावतच न्हाई.”

“या फडक्यावर हळदीचा कण नाही. चंदन आहे, अक्षता आहेत. तुमच्याकडे कसं असतं, वरद?”

“गंध, अक्षता,” वरदचा चेहरा उतरला. “पण मी तीन तारखेला...”

“भंडारदऱ्याला होतास. धूळ उडाली तेव्हा तू इथे नव्हतास. आणि हात हलवत जाणाऱ्या माणसाला डिस्क नेताना कमानीनं सोडलं नसतं. ती ज्याच्यापाशी होती, त्याच्यावर कमान वाजलीच असणार. वाजली, आणि कुणाला ऐकू आली नाही. कारण त्याच्यावर ती रोज वाजते.”

गहिनीनाथांनी आपल्या हाताकडे पाहिलं. “माझा हात वर गेला हुता,” ते हळूच म्हणाले.

“खंडेनवमीला सगळे नारळाला गेले. आत एकच माणूस राहिला. ट्रॉलीपाशी.”

कुणी शामकांतांकडे पाहिलं नाही. पाहायचं टाळल्यामुळेच सगळ्यांना कळलं. सत्यशीलेनं अंधाऱ्या कपाटातल्या तिसऱ्या फळीवर बॅटरीचा झोत टाकला, रिकाम्या खणांवरून बोट फिरवत नेलं आणि एका खणात थांबली. चांगुणानं हातमोजे चढवून डिस्क ओढली. यादीवरचाच नंबर होता.

वरच्या पत्र्यावर वाळलेल्या गंधाचा ठसा होता. अंगठ्याचा. बारीक, सुरकुतलेला, एका बाजूला कलंडलेला.

सत्यशीलेनं शामकांतांच्या रुंद हाताकडे पाहिलं. “हा अंगठा तुमचा नाही, सर.”

“नाही,” शामकांत म्हणाले. “आईचा आहे.”

६

ते बोलू लागले तेव्हा टोपी हातात होती.

“साखर कारखान्यात होतो तेव्हा दर खंडेनवमीला मी पाना घरी न्यायचो. आई पुजायची. इथे आल्यापासून विचारायची, तुझं हत्यार कुठंय रे? मी सांगायचो, आई, मी आता नुसती माणसं आणि कागद सांभाळतो. ती हसायची. या वर्षी हसली नाही. म्हणाली, पुढच्या वर्षी मी नसले तर? त्या दिवशी सगळे नारळाला धावले. आत पूजा करायला मीच मना केलं होतं सगळ्यांना. आणि ट्रॉलीवर ती डिस्क एकटी. पोळ्यांच्या पुडात अलगद बसली.”

“परत आणल्यावर पेटीत का नाही टाकली?”

“आई म्हणाली, पुजलेलं आहे, पाच दिवस तरी मोडू नकोस. म्हणून इथे ठेवली. सहाव्या दिवशी टाकणार होतो. तीन तारखेला सकाळी ठेवली आणि त्याच संध्याकाळी आई गेली. मग मी सुतकात, आणि गाडी येऊन गेली.”

“परवा आलात तेव्हा सांगता आलं आसतं, सर,” चांगुणा म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. “माझं नाव कागदावर हुतं.”

“हो.” त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. “सांगितलं असतं तर ही चक्कीत गेली असती. मला वाटलं, अजून एक दिवस. मग अजून एक. आईच्या अंगठ्यासाठी मी तुझी सही पुढे केली. याला माफी मागूनही भागत नाही.”

त्यांनी तक्रारीचा कागद उलटा केला, कपाटाला टेकवून कोऱ्या बाजूवर आपली कबुली लिहिली, खाली नाव घातलं आणि सत्यशीलेला दिला. मग खिशातून दुसरा कागद काढला, चांगुणाचं पत्र. त्यावर सही केली. “अजून सहा वाजायचे आहेत. तोवर ही सही चालते.”

“माझ्या अहवालात सगळं येईल,” सत्यशीला म्हणाली. “डिस्क दोन रात्री बाहेर होती. तुमची खुर्ची जाईल.”

“जायलाच हवी.”

“आणि चांगुणा, सही आधी आणि काम मागून, हेही येईल. त्यानं पत्र थांबणार नाही. पण येईल.”

“येऊ द्या,” चांगुणा म्हणाली.

ती डिस्क घेऊन पेटीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेतून परत फिरली. साळूबाईंच्या चवडीतलं एक कोरं फडकं उचललं, थेंबभर पाण्यानं ओलं केलं आणि गंधावर ठेवलं. पुसलं नाही. तळहातानं नुसतं दाबून धरलं, तापल्या कपाळावर घडी ठेवतात तसं. उचललं तेव्हा पत्रा स्वच्छ होता आणि फडक्यावर तो बारीक, कलंडलेला अंगठा उमटला होता. फिका, पण रेषान् रेष.

तिनं ते शामकांतांपुढे धरलं. त्यांचा हात पुढे येईना. “नियमात बसतं का?” त्यांनी सत्यशीलेला विचारलं.

“फडक्यात कुणाचे फोटो, पत्रं साठलेली नसतात,” ती म्हणाली. “साळूबाई, तुमच्या हिशेबी एक फडकं कमी पडेल.”

“गल्ली सतरा,” साळूबाई म्हणाल्या. “लिव्हून ठिवते, देवाला गेलं म्हनून.”

चांगुणानं डिस्क पेटीच्या फटीत धरली आणि सोडली. आतून लोखंडाचा आवाज आला. तो विरेपर्यंत ती थांबली. मग वही उघडली.

पावणेसहाला शामकांत फाटकावर आले. हातात डबा, खिशात फडक्याची घडी. गहिनीनाथ उठून कमानीसमोर उभे राहिले. या वेळी त्यांचा हात वर गेला नाही.

“डबा हिकडं द्या, सायेब. उघडावा लागंल.”

शामकांतांनी डबा दिला. एकेक पूड उघडलं गेलं. चारही रिकामी. आई गेल्यापासून त्यांच्या घरी चूल पेटली नव्हती, नुसत्या सवयीनं ते डबा आणत होते. गहिनीनाथांनी झाकणं पुन्हा लावली, डबा टेबलावर ठेवला आणि बाजूला झाले.

शामकांत खिशावर हात ठेवून कमानीखालून गेले. कमान वाजली नाही.